आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एकच प्रश्न विचारला जातो, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येते. १९२९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती चढले आहे, एवढीच ती चौकशी असते. पण गावभागात वाढलेल्या माणसाला त्या एका आकड्यावरून पुढच्या चार दिवसांचा अंदाज येतो. चाळीस म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबरच पाठ होते. पस्तिशीला आई धान्याच्या डब्यांकडे पाहू लागे, चाळिशीला वडील शिडी काढत, आणि त्यापुढे कोणी कोणाला काही सांगावे लागत नसे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा सत्तावन्नाच्या वर गेला. २००५ च्या पुराचे पाणी जिथवर आले होते तिथे वडिलांनी भिंतीवर तेलरंगाने एक रेघ ओढून ठेवली होती, आणि घरात जे जे म्हणून मोलाचे होते ते सारे आम्ही त्या रेघेच्या हातभर वर, फळ्या ठोकून, रचून ठेवले होते. रेघेवर आमचा एवढा विश्वास होता की घर सोडताना मी त्या फळ्यांकडे वळूनही पाहिले नाही. आठ-नऊ दिवसांनी परतलो तेव्हा तेलरंगाची रेघ गाळाने माखली होती, तिच्या बऱ्याच वर दुसरी, ओली, मातकट रेघ उमटली होती, आणि फळीवरची पत्र्याची ट्रंक आतल्या फुगलेल्या कागदांमुळे उघडत नव्हती.

ती ट्रंक आजोबांची. नाटकांची हस्तपत्रके, संमेलनांच्या स्मरणिका, तिकिटांची अर्धुके, रंगवलेल्या चेहऱ्यांची पिवळी पडलेली छायाचित्रे आणि १९४३ च्या उत्सवातला स्वयंसेवकाचा बिल्ला, असा तिचा ऐवज होता. पत्रा कापून झाकण काढले तेव्हा आत एकच करडा लगदा होता आणि त्याला कृष्णेच्या गाळाचा, एकदा नाकात बसला की पुढचे तीन महिने न जाणारा वास होता. आम्ही दोरीवर पाने वाळत घालायचा प्रयत्न केला. पाने सुटली नाहीत. शेवटी घमेल्याने भरून तो लगदा कोपऱ्यावरच्या ढिगात टाकला, जिथे सबंध गल्लीच्या गाद्या, वह्या, लग्नाचे अल्बम आणि देवघरे आधीच पडली होती.

नवल वाटले ते नंतर. त्या लगद्यात काय होते हे मला सांगता येत होते. एकेका कागदाचे नव्हे, पण १९४३ चा तो उत्सव मला जवळपास पाठ होता, कारण दर वर्षी ५ नोव्हेंबरला संध्याकाळी आजोबा ट्रंक उघडून तो सांगत आणि आम्ही नातवंडे, पुढे काय येणार हे ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असल्यामुळेच, ऐकत बसत असू. मराठी रंगभूमीच्या शतसांवत्सरिक उत्सवासाठी त्या वर्षी सारी नाट्यसृष्टी सांगलीत लोटली होती आणि अध्यक्षस्थानी स्वातंत्र्यवीर सावरकर होते. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. भाषणांतले त्यांनी आम्हाला कधी एक वाक्य सांगितले नाही. ते सांगत ते सतरंज्यांविषयी: कोणत्या घरातून किती आणल्या, कोणती कोणाची हे ओळखायला कोपऱ्यात कोणत्या रंगाचा दोरा घातला होता, आणि परत करताना एक सतरंजी जास्त कशी निघाली. जास्त निघालेल्या त्या सतरंजीचा मालक दर वर्षी थोडा बदलत असे, हेही मान्य केले पाहिजे.

१९४३ हे वर्ष निवडले गेले कारण त्याच्या शंभर वर्षे आधी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' या आख्यानाचा प्रयोग केला. ही गोष्ट शाळेत सर्वांनीच वाचलेली असते, पण तिचा उगम सांगताना आम्ही सांगलीकर थोडी घाई करतो. १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नडमधल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली होती. त्यांचे यक्षगानाचे, म्हणजे गाण्या-नाचातून पौराणिक कथा सांगणारे, खेळ सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले, आणि असे काही आपल्या भाषेत व्हावे अशी इच्छा धरून त्यांनी आपल्या पदरच्या एका तरुणाला ते काम सांगितले. विष्णू अमृत भावे हा मुलगा लाकडाच्या, सूत्रांनी हलणाऱ्या बाहुल्या करण्यात पटाईत होता आणि कविता रचत होता. नाटक म्हणजे काय, हे सांगलीत कोणाला नीट माहीत नसताना त्याने पाहुण्यांचा खेळ पाहिला, त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवले आणि वर्षभरात स्वतःचा खेळ उभा केला.

पहिले मराठी नाटक कोणते, हा वाद मी घालत नाही. तंजावरच्या भोसले राजांनी मराठीत नाटके त्याच्या कितीतरी आधी लिहिली होती आणि ती लिखित आहेत, म्हणजे पुराव्याच्या बाबतीत त्यांची बाजू आमच्यापेक्षा भक्कम आहे. भाव्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य उलट असे की त्यातला मोठा भाग लिहिलेलाच नव्हता. पदे भाव्यांची असत आणि ती सूत्रधार म्हणे. पदांमधले बोलणे नट आयत्या वेळी, आपल्या अकलेने करीत. पुढे १८८५ साली भाव्यांनी 'नाट्यकवितासंग्रह' छापला तेव्हा पदे उरली. त्या पहिल्या रात्री रामाचे काम करणारा जनकाला काय बोलला, हे पुस्तकात सापडण्यासारखे नाही.

खेळाची रीत मात्र नीट माहीत आहे, कारण ती वर्षानुवर्षे तशीच चालली. आधी पडद्याआड मंगलाचरण. मग वनचराच्या वेषात विदूषक उड्या मारत येणार आणि सूत्रधाराशी हुज्जत घालणार. मग गणपती येणार, त्याची पूजा होणार, विघ्न न येण्याचा आशीर्वाद मिळणार. मग मोरावर बसून सरस्वती नाचत येणार. आणि एवढे झाल्यावर आख्यान. राक्षसांचे आगमन आरोळ्यांनी, तलवारींच्या खणखणाटाने आणि राळेच्या भडक्याने होई. पुढच्या, अधिक शहाण्या पिढीने या खेळांना 'तागडथोम' आणि 'अललडुर्र' अशी नावे ठेवून हसून घेतले. आप्पासाहेब १८५१ साली वारले आणि राजाश्रय सुटला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेरगावची वाट धरली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे खेळ झाले. सांगलीत आज त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे, ते आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर.

माझ्या लहानपणी ५ नोव्हेंबर म्हणजे तिथली संध्याकाळ. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती त्या दिवशी एका ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भाव्यांच्या नावाचे गौरवपदक देते, आणि सबंध महाराष्ट्र ज्यांना पडद्यावर पाहतो अशी माणसे आमच्या गल्लीतून पायी जाताना दिसत. वडील इस्त्रीचा सदरा घालत, आई अबोलीचा गजरा माळे. सत्कार करणाऱ्या आणि सत्कार घेणाऱ्या दोघांचाही आवाज भरून येई आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. त्या टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण आजोबांच्या १९४३ मध्ये आणि माझ्या बालपणात एक फरक होता, तो मला फार उशिरा कळला. आजोबांनी सतरंज्या वाहिल्या होत्या; माझ्या हाती काहीच नव्हते. मी तिथे खुर्चीवर बसलेला होतो.

हा फरक पुढे वाढतच गेला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगाव वारशाचे महोत्सव भरू लागले. पेव फुटावे तसे. त्यांचा साचा ठरून गेला आहे: कमान, फ्लेक्स, त्यावर वारशापेक्षा मोठे झालेले चेहरे, कानठळ्या बसवणारी ध्वनियंत्रणा, मुंबई-पुण्याहून बोलावलेला निवेदक, जो प्रत्येक वाक्याला "सांगलीकर, आवाज येतोय का?" असे विचारतो, आणि शेवटी त्याच गावात तीन पिढ्या राहिलेल्या माणसाने त्याच गावच्या नकली महिरपीखाली उभे राहून काढलेले छायाचित्र. असे कार्यक्रम वाईट असतात असे मी म्हणत नाही, त्यांत चार कलावंतांना बिदागी मिळते. पण दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की गावात कोणाला एखादी गोष्ट करता येऊ लागली, असे त्यांतून होत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच गावात आहे आणि त्याला कोणी वारसा महोत्सव म्हणत नाही. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, चतुर्थीच्या आधीच, गणपती मंदिरात एक गणपती गुपचूप येऊन बसतो. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. चोरपावलांनी येतो म्हणून तो चोर गणपती. चतुर्थीला संस्थानचा गणपती राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये बसतो आणि पाचव्या दिवशी त्याची मिरवणूक सरकारी घाटाकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या पेठा दुपारपासून माणसांनी भरतात. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी ही मिरवणूक चालते. भालदार-चोपदार, वाजंत्रीवाले, पालखीला खांदा देणारे, अशा कित्येकांना तिथे काम असते, आणि ते काम बापाकडून मुलाला सांगितले गेलेले असते. २०१९ साली पूर ओसरून तीन आठवडे होतात न होतात तोच चोर गणपतीची तिथी आली. गल्लीत अजून चिखल होता, आमच्या दाराची चौकट फुगून दार लागत नव्हते, तरी शेजारच्या आक्का आदल्या रात्री सवयीने म्हणाल्या, "उद्या चोर गणपती न्हवं का?" कॅलेंडर त्यांचेही वाहून गेले होते.

आमच्या गल्लीचा उद्योग तिथून सुरू झाला असे म्हणता येईल, जरी त्याला रूप यायला तीन वर्षे लागली. २०२० च्या मार्चमध्ये शंभरावे नाट्यसंमेलन सांगलीतून सुरू व्हायचे होते. तेवढ्यात टाळेबंदी आली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. या दोन्हींच्या मधल्या रिकाम्या संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या आम्हा सात-आठ जणांत विषय निघाला तो असा, की आपण नाट्यपंढरीचे म्हणवतो, पण भाव्यांच्या खेळातला साधा पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, आपल्यापैकी कोणी पाहिला आहे का? कोणीच पाहिला नव्हता. मग करूनच पाहू, असे कोणीतरी म्हणाले. "करूया की, त्यात काय," हे सांगलीत कोणत्याही कामाला मिळणारे उत्तर आहे. त्यातून निम्मी कामे होत नाहीत, हे झाले.

आख्यान करायचे नाही, फक्त पूर्वरंग करायचा, एवढे पहिल्याच दिवशी ठरले. विदूषक झाला भडंगवाला, कारण गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्याचा त्याचा तीस वर्षांचा रियाज होता. गणपती झाले बँकेतून निवृत्त झालेले आण्णा. त्यांनी आपल्या पोटाला प्रथमच काही उपयोग सापडल्याचे जाहीर केले. राक्षसासाठी तालमीतला एक पोरगा मिळाला, ज्याची आरोळी अशी होती की पहिल्या दिवशी समोरच्या घरातली मांजर दोन दिवस फिरकली नाही. सूत्रधाराच्या बाजूला बसायला मिरजेहून एक तंबोरा आला, तोही ज्याने तो बनवला त्याच्यासह. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो कारागीर त्याच्या आधीपासून सांगत होता की आमचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, आणि लढाया संपल्यावर त्यांनी भोपळे हाती घेतले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, हात मिरजेचे, आणि गाण्याचे घराणे गाजवले ते उत्तरेतल्या किराणा गावाहून येऊन मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि ऐकणारे जमिनीवर बसतात. त्या चिंचेखाली मी एकदा पहाटेपर्यंत बसलो आहे. कमान कुठे होती ते मला आठवत नाही.

खरी अडचण सरस्वतीच्या मोराची आणि त्याहून अधिक चालीची होती. पदे पुस्तकातून मिळाली, पण गणपती रंगभूमीवर येतो तो कसा? चालत? नाचत? विदूषक सूत्रधाराच्या कोणत्या बाजूला उभा राहतो? आम्ही प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेल्या सिनेमातल्यासारखे काहीतरी करत होतो आणि ते सगळ्यांनाच खोटे वाटत होते. तिसऱ्या-चौथ्या तालमीला पलीकडच्या वाड्यातल्या वहिनी चहाची किटली घेऊन आल्या. त्यांचे माहेर शिरसीचे. लग्न होऊन बावीस वर्षे झाली, मराठी अस्खलित, पण रागावल्या की कन्नडात रागावतात. किटली ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे असं नसतं हो. आमच्याकडं भागवतरु, म्हणजे गाणारा सूत्रधार, मागं बसतो, त्याच्या हातात जागटं असतं, काशाची थाळी. तो म्हणेपर्यंत कुणी पुढं येत नाही."

एवढे बोलून त्यांनी पदर खोचला, मोकळ्या जागेत गेल्या आणि तोंडाने चेंडा, म्हणजे यक्षगानातला ढोल, वाजवत तीन पावले टाकली. लहानपणी भाताच्या खाचरात रात्र रात्र बसून पाहिलेला यक्षगान त्यांच्या पायांत होता. शिरसीहून घाट उतरले की कर्की. म्हणजे ज्या खेळाकडे पाहून भाव्यांनी आपला खेळ उभा केला, त्याच मुलुखातली एक बाई आमच्या गावभागात बावीस वर्षे नांदत होती, आणि नाट्यपंढरीच्या अभिमानाने आम्ही फुगलेलो असताना तिला कोणी काही विचारले नव्हते. त्या दिवसापासून तालीम त्यांची. आण्णांना त्यांनी पंधरा दिवस नुसते उभे राहायला शिकवले. भडंगवाल्याला त्या म्हणाल्या की हास्यगाराने, म्हणजे विदूषकाने, हसायचे नसते, लोकांनी हसायचे असते, आणि हे वाक्य तो आता स्वतःचे म्हणून सांगतो.

मोर त्यांच्याच सासूबाईंनी केला. बुरुडाकडून कामट्या आणल्या, मान वाकवायला ओल्या कामटीला दोन दिवस दगड बांधून ठेवला, आणि पिसाऱ्याला गल्लीतल्या प्रत्येक घरातून जुन्या साडीचा एक काठ मागितला. पुरात साड्या गेलेल्या घरांनी काय द्यायचे, हा प्रश्न आलाच. एका घरातून पुराच्या वेळी वाटपात आलेल्या चादरीची किनार आली. ती पिसाऱ्यात अगदी मध्यावर आहे.

तालमींच्या काळातच एका रविवारी आम्ही हरिपूरपर्यंत चालत गेलो. नाटकाच्या निमित्ताने नाटककार देवलांच्या गावी जाऊन यावे, एवढाच विचार होता. बागेतल्या गणपतीपासून पुढे चिंचांच्या सावलीतून जाणारा तो रस्ता सांगलीकरांचा जुना फिरण्याचा रस्ता आहे, आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली इथे जन्मले. जरठ-कुमारी विवाहावरचे त्यांचे 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. त्याची जुळणी इथल्या पारावर झाली असे हरिपूरकर सांगतात, आणि पारावर बसले की ते खरे वाटू लागते. आमच्याबरोबर आलेल्या दोन शाळकरी मुलींनी तिथे बसून त्यातला एक प्रवेश वाचला. ऐकायला थांबलेल्या एका वृद्ध आजींनी मध्येच विचारले, "मग त्या पोरीचं झालं का लगीन?" त्यांना शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाता येईना.

पण त्या दिवसाचा उत्तम भाग देवलांचा नव्हता. आमच्यात एक हमालमामा होते, सारी हयात हळदीच्या पोत्यांत गेलेले, आणि त्यांना नाटकात फारसा रस नव्हता. परतताना ते एका मोकळ्या जागी थांबले आणि चपलेच्या टाचेने जमिनीवर ठोकून म्हणाले, "ह्याच्याखाली पेव हाय." हरिपूरची माती अशी की तिच्यात खोदलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राही. तोंड माणूस उतरेल एवढे अरुंद, खाली पोट मोठे; आतून सारवायचे, पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपायचे. मामा पुढे जे सांगू लागले ते मी कुठेही वाचलेले नव्हते असे नाही, पण त्यांच्या हातांकडे पाहत ऐकलेले नव्हते. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर आत जीव धरणार नाही. तो टिकला तर माणूस. हे सांगताना ते हाताने दोरी सोडत होते, मध्येच थांबत होते, खाली पाहत होते, आणि आम्ही सगळे त्या नसलेल्या खड्ड्याभोवती वाकून उभे होतो.

२००५ च्या पुराने पेवांत पाणी शिरले आणि हळद कुजली. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला मानांकन मिळाले तोवर पेवांत उतरणारी माणसे म्हातारी झाली होती. मामांना आम्ही तिथेच विचारले की ५ नोव्हेंबरला हे सांगाल का. ते म्हणाले, "ह्यात बघण्यासारखं काय हाय?" बरेच समजावल्यावर, माईक देणार नसाल तर सांगतो, या अटीवर तयार झाले.

परवानगीसाठी मी एका कार्यालयात अर्ज नेला. त्यात प्रमुख पाहुण्यांचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. बराच वेळ विचार करून मी "गणपती" असे लिहिले. समोरच्या गृहस्थांनी आडनाव विचारले. शेवटी आण्णांचे नाव लिहून सुटका करून घेतली, आणि खोटेही लिहावे लागले नाही.

त्या रात्री गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधून रस्ता अडवला होता. नाट्यमंदिरातला सत्कार आटोपून माणसे परतत होती, त्यांतली बरीच तिथेच रेंगाळली. खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या घराघरांतून आणल्या होत्या आणि कोपऱ्यात रंगीत दोरे घातले होते. आधी मामांनी कंदील सोडला, खरा, पितळी, जिन्याच्या पोकळीतून खाली, आणि पहिल्या रांगेतली पोरे श्वास धरून बसली. मग मंगलाचरण झाले. वहिनी मागे बसून जागटे धरून होत्या. विदूषक उड्या मारत आला, सूत्रधाराने त्याला ठरल्याप्रमाणे विचारले की बाबा रे, तू कोण, कोठून आलास; आणि भडंगवाल्याने, तालमीत कधीही न म्हटलेले, कपाळावर हात धरून विचारले,

"ते सांगतो हो, पण आधी सांगा, आयर्विनला किती?"

क्षणभर कोणी हसले नाही. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "सत्तावन!" पलीकडून कोणी ओरडले, "पाचची त्रेपन्न!" आणि सबंध गल्ली आकडे सांगू लागली, ज्याचे घर ज्या साली बुडाले त्याने ते साल. सूत्रधार बिचारा पुढचे पद विसरून उभा. विदूषक प्रत्येक आकड्याला एक उडी आणखी उंच मारत, खांबावर चढत, माडीच्या कठड्यापर्यंत पोहोचला आणि तिथून खाली बघून म्हणाला, "आता तरी गणपतीला बोलवा, न्हाईतर मी कौलावर जातो." आण्णा आले ते त्या हशातून, पंधरा दिवस शिकलेल्या चालीने, आणि हसणे आपोआप थांबले. मोराचे आणि सरस्वतीचे ठीक झाले. राक्षसाने आरोळी ठोकली तेव्हा कडेवरची दोन पोरे रडली, म्हणजे तेही ठीक झाले. खेळ संपल्यावर सतरंज्या परत करताना एक कमी पडली.

त्यानंतर दर वर्षी आम्ही हे करतो. एका सद्गृहस्थांनी मोठ्या मैदानावर, मोठ्या प्रमाणावर करण्याची आणि खर्च उचलण्याची तयारी दाखवली. त्यांना नाही म्हणताना आमच्यात थोडे भांडण झाले आणि दोघे जण अजून माझ्याशी बेताचेच बोलतात. विदूषकाचे बोलणे लिहून ठेवावे की नाही, यावरही मतभेद आहेत. कॉलेजात जाणारी एक मुलगी मात्र तालमीत जे जे बोलले जाते ते वहीत उतरवत असते. दर वर्षी विदूषक वेगळेच काही बोलतो आणि ती आधीचे खोडून नवे लिहिते.

या जुलैत पाऊस लागून राहिला. कोयनेचा विसर्ग वाढला, घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आयर्विनला किती?"

"अडतीस. रात्रीत चाळीस होईल."

"मग तालमीला जरा लवकर या. आधी मोर वर घ्यायचा आहे."

आम्ही चौघांनी तो उचलला. भडंगवाला पुढे, मी मागे, आण्णा कठड्यावरून सूचना देत. जिन्याच्या वळणावर मोराची मान अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आणि सासूबाई खालून ओरडल्या की ओढू नका, कामटी मोडेल, आधी पिसारा तिरका करा.